मुलाच्या कोपराचं प्लास्टर निघालंय, आता मालिश करावी का?

मनूची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा मनू, वय ६. महिन्यापूर्वी सोसायटीच्या बागेत लोखंडी शिडीला लोंबकळताना सुटला आणि हात टेकून पडला. कोपराच्या जरा वर हाड मोडलं, सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर असं नाव सांगितलं, त्याच रात्री भूल देऊन हाड बसवलं आणि दोन तारा घातल्या. परवा तारा काढल्या, प्लास्टरही निघालं. एक्सरे छान आहे म्हणाले. पण हात पूर्ण सरळ होत नाहीये, वाकवून खांद्याला बोटं लावायला सांगितली तर चार बोटांचं अंतर राहतं, आणि दंड इतका सुकलाय की माझ्या अंगठा-तर्जनीच्या कड्यात मावतो. बघून पोटात कालवतं.

सासूबाईंच्या गावाकडे एक जण आहेत, घराण्यात तीन पिढ्या हाडं बसवतात. तेल लावून चोळतील, आठ दिवसांत हात सरळ करतील असं त्या म्हणतायत, आणि त्यांचा नातवावर एवढा जीव आहे की मला पटकन नाही म्हणता येत नाहीये. डॉक्टर म्हणाले "मालिश नको, खेळू दे त्याला", आणि पुढचा पेशंट आत आला. का नको ते विचारायचं राहिलंच. आत नेमकं काय असतं, कोणी नीट समजावून सांगेल का? मला सासूबाईंनाही समजावता यायला हवंय.

शिंपले
ताई, काळजी वाटणारच. माझ्या भाच्याचं हेच झालं होतं, तोही ६ वर्षांचाच होता. आता व्यवस्थित क्रिकेट खेळतो. डॉक्टरांचं ऐका.

पिठलंभाकरी
आमच्याकडे आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप लावतात, सूज उतरते. तेवढं करायला हरकत नसावी?

सातारी_ऑर्थो
मनूच्या आई, आधी उत्तर देतो, कारण मग सांगतो. मालिश नको. तेल लावून नको, हलक्या हाताने नको, "नुसतं वरवर" पण नको. कोपर धरून जबरदस्तीने सरळ करणं तर अजिबातच नको. लेपानेही काही साधत नाही. तारांच्या जागची कातडी अजून कोवळी असते, त्यावर गरम काही लावू नका.

आता का ते. स्वतःचं कोपर काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या हाताने मागून चाचपा. तीन उंचवटे लागतील. मधलं टोक कोपराचं, म्हणजे हाताच्या करंगळीच्या बाजूच्या हाडाचं, अल्नाचं. आतला आणि बाहेरचा हे दोन्ही दंडाच्या हाडाचे, ह्यूमरसचे. तिघांचा मिळून त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिघं एका रेषेत येतात. करून बघाच. मनूसारख्या फ्रॅक्चरमध्ये हाड या तिघांच्या वर मोडतं म्हणून त्रिकोण शाबूत राहतो, कोपर निखळलं तर तो बिघडतो. एक्सरेच्या आधी आम्ही बोटांनी हेच बघतो.

दंडाचं हाड वर गोल, नळीसारखं असतं, पण कोपराजवळ येताना चपटं होत जातं आणि पुढून एक, मागून एक असे दोन खळगे पडतात. हात सरळ केला की कोपराचं टोक मागच्या खळग्यात जाऊन बसतं. दोन खळग्यांच्या मधलं हाड अगदी पापडासारखं पातळ. पोर हात टेकून पडलं की कोपर मागे ताणलं जातं, ते टोक पहारीसारखं खळग्यात रेटतं आणि हाड नेमकं त्या पातळ जागी मोडतं. लहान मुलांच्या कोपराचं सगळ्यात जास्त दिसणारं फ्रॅक्चर हेच, आणि ५ ते ७ हे त्याचं खास वय.

मुद्दा पुढच्या बाजूला आहे. हाडाला अगदी चिकटून ब्रेकियालिस नावाचा स्नायू असतो. आपण ज्याला बेटकुळी म्हणतो तो बायसेप्स त्याच्या वर असतो. कोपर वाकवण्याचं मुख्य काम खरं तर ब्रेकियालिसच करतो, नाव मात्र बायसेप्सचं होतं. हाड मोडून त्याची धार पुढे आली की हा स्नायू फाटतो, त्यात रक्त साचतं. महिनाभरात ते भरून येत असतं. अशा वेळी चोळलं, रेटलं तर पुन्हा रक्तस्राव होतो आणि शरीर त्या स्नायूतच हाड तयार करायला लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात याला. मग कोपर खरोखर अडकतं, आणि ते सोडवणं फार कठीण असतं.

आत्ता जे आखडलंय ते सांध्याभोवतालचं आवरण महिनाभर एका जागी राहिल्यामुळे, आणि मनू घाबरून हात जपतोय म्हणून. ते आपोआप सुटतं. काही आठवडे, कधी काही महिने. बहुतेक मुलांना फिजिओथेरपीचीसुद्धा गरज पडत नाही.

मनूची_आई
डॉक्टर, खूप खूप आभार. त्रिकोण आम्ही तिघांनी करून बघितला, मनूने माझाही शोधला. हा पापड आणि पहारीचा भाग सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

तालमीतला
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी कोल्हापूरचा, बारा वर्षं तालमीत घालवली. आमच्या वस्तादांनी माझ्यासमोर कितीतरी खांदे बसवलेत, लचकलेली मनगटं चोळून चार दिवसांत पोरगं परत लाल मातीत उतरवलंय. त्यांच्या बोटांना जे कळतं ते कळतंच. सगळ्या जुन्या जाणत्या लोकांना एका फटक्यात मोडीत काढू नका एवढंच म्हणणं आहे.

फिजिओ_मृ
दादा, वस्तादांच्या हाताला गुण आहे हे मी मान्य करते, दमलेल्या स्नायूंना मालिशने आराम पडतो हे आम्हीही सांगतो. पण पैलवानाचा लचकलेला हात आणि सहा वर्षांच्या मुलाचं मोडलेलं कोपर यात फार मोठा फरक आहे. मुलाच्या कोपराचा बराच भाग अजून कुर्चा असतो, हाड झालेलंच नसतं. कोपरात हाडाची सहा केंद्रं एकेक करून उगवतात, साधारण १, ३, ५, ७, ९, ११ अशा वयाला. एक्सरेत ते सुटे तुकडे बघून नवे डॉक्टरही गोंधळतात, कित्येकदा ताडून बघायला दुसऱ्या हाताचा एक्सरे काढतात. मग नुसत्या बोटांनी कसं कळणार की हे मोडलंय की उगवतंय? आणि खांदासुद्धा एक्सरे न काढता बसवायची जोखीम घेऊ नये, सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढताना आणखी सरकतं.

नर्स_विदर्भाची
तालमीतला भाऊ, मी ऑर्थो वॉर्डात १४ वर्षं काढली, एक पोरगी अजून डोळ्यापुढून जात नाही म्हणून लिहिते. आठ वर्षांची. शेतात बैलगाडीवरून पडली, कोपर सुजलं, गावातच बांबूच्या कामट्या लावून कापडाने घट्ट बांधलं. रात्रभर रडली. घरच्यांना वाटलं मोडलंय तर दुखणारच. दुसऱ्या रात्री रडायची थांबली, ते म्हणाले आराम पडला. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणली तेव्हा बोटं गार, निळसर, तळहातात वळलेली. मी एक बोट हळूच सरळ करायला गेले तर जी किंचाळली, ते आजही ऐकू येतं. आईबाप बिचारे चांगले होते हो, पोरीला उचलून आठ किलोमीटर चालत आले होते रस्त्यापर्यंत. पण हात गेला. म्हणजे तोडला नाही, पण पंजा वळलेलाच राहिला.

सातारी_ऑर्थो
ताई, हेच सांगायचं होतं. त्याला फोकमनचं आकुंचन म्हणतात. फोकमन या जर्मन सर्जननी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि घट्ट पट्ट्यांकडेच बोट दाखवलं होतं. कोपरासमोरून दंडाची मुख्य रोहिणी जाते. आत सूज, बाहेरून घट्ट बांधलेलं, त्यामुळे पुढच्या हाताच्या स्नायूंना रक्त मिळत नाही आणि सहा-एक तासांतच स्नायू मरायला लागतात. नंतर त्यांची दोरी होते, ती आखडते आणि बोटं ओढून धरते.

सगळ्या पालकांनी हे वाचावं. प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी होत जायला हवं. ते वाढत गेलं, औषध देऊनही पोर शांत होत नसेल, बोटं हळूच सरळ केल्यावर कळवळत असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठा. मनगटाला नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी लागत असतानाही आतला दाब वाढलेला असू शकतो.

तालमीतला
ताई, वाचून गप्प झालो. माझ्या पुतण्याचा हात असा बांधला असता तर मीही आराम पडला असंच म्हणालो असतो. लहान पोराचं कोपर वस्तादांकडे न्यायचं नाही, मान्य. वस्तादांनाही सांगतो, ते ऐकतील.

अबोली७
धागा भरकटवतेय, माफ करा. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात रस्ता ओलांडताना तिचा हात धरून जरासा ओढला, तर एकदम रडली आणि तो हात वापरेचना. कोपर किंचित वाकवून पोटाशी धरून बसली. सूज काहीच नव्हती. बालरोगतज्ज्ञांनी पंजा उताणा करत कोपर वाकवलं, टिक असं काहीतरी जाणवलं म्हणाले, आणि दहा मिनिटांत तिने त्याच हाताने बिस्कीट घेतलं. मी तिथेच रडले. हे काय होतं नेमकं?

फिजिओ_मृ
अबोली, पुल्ड एल्बो. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, रेडियसचं, वरचं टोक बांगडीसारख्या एका बंधामधून फिरतं. लहानपणी तो बंध सैल असतो, हात लांब करून ओढला की सरकून सांध्यात अडकतो. साधारण १ ते ४ वर्षांत होतं. तुझी काही चूक नाही, रस्त्यावर हात ओढावा लागतोच. फक्त दोन्ही हात धरून गोल फिरवायचा खेळ, किंवा एका हाताला धरून जिन्याची पायरी चढवणं, हे टाळा. उचलायचं तर काखेत हात घालून. पडून लागलं असेल किंवा सूज असेल तर मात्र हे समजून घरी वळवायला जाऊ नका, आधी तपासून घ्या.

इकडचा_तिकडचा
मला नेहमी पडलेला प्रश्न. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत करंट का जातो?

शिंपले
आमच्याकडे म्हणतात पाहुणे येणार :)

सातारी_ऑर्थो
पाहुणे आले तर चहा आमच्यातर्फे. कारण मात्र अल्नर नस. आतला उंचवटा आणि कोपराचं टोक यांच्या मधल्या खोबणीत ती कातडीच्या अगदी खाली असते, बोट फिरवलं तर दोरीसारखी लागते. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू तिच्या ताब्यात, म्हणून झिणझिण्या तिथेच. कोपर वाकवलं की ही नस ताणली जाते. तासन् तास मोबाइल कानाला धरणारे, कोपर दुमडून उशीखाली हात घालून झोपणारे, यांना करंगळीत मुंग्या येतात त्या यामुळे. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसा गुंडाळून झोपा म्हणजे ते फार वाकत नाही. पकड कमजोर व्हायला लागली, अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस आत गेलेलं दिसलं, तर घरगुती उपाय सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

नर्स_विदर्भाची
याच नसेबद्दल आमच्या भागातलं एक सांगायलाच हवं. कुष्ठरोग. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम केलेल्या कोणालाही विचारा, कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा दिसला की हात आपोआप पेशंटच्या कोपरामागे जातो. ती नस जाड, दुखरी लागते का बघायला. दुर्लक्ष झालं तर करंगळी आणि अनामिका वाकून पंजा होतो, आणि बधिर बोटं चुलीवर भाजली तरी कळत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा बारा महिने. लोक अजूनही लपवतात. बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्याला इतकी वर्षं झाली तरी लपवतात, याचं वाईट वाटतं. चट्टा दिसला तर दाखवा, लवकर औषध सुरू झालं तर हात वाचतो.

रात्रपाळी
माझा अनुभव वेगळ्या नसेचा. दोन वर्षांपूर्वी लग्नाची धावपळ, तीन रात्री जागरण, परतताना रात्रीच्या बसमध्ये शेजारच्या सीटच्या पाठीवर हात टाकून मेल्यासारखा झोपलो. सकाळी उठलो तर उजवं मनगट लुळं. पंजा खाली लोंबतोय, वर उचलताच येईना. बायको म्हणाली लकवा. गावात उतरून सरळ दवाखाना. तिथे तोंड, पाय, बोलणं सगळं तपासलं आणि म्हणाले मेंदूचं काही नाही, दंडात नस दबलीय. साडेसहा आठवडे गेले सुधारायला. पहिल्यांदा बोट हललं ते स्कूटरची किल्ली फिरवताना, तारीख लक्षात आहे.

फिजिओ_मृ
रेडियल नस दादा. दंडाच्या हाडाला मागून तिरका वळसा घालून ती खाली येते, मध्यावर अगदी हाडाला टेकूनच असते. कडक कडेवर दंड दाबून गाढ झोप लागली की ती चिमटते. कोपर सरळ करता येत होतं ना? कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू म्हणजे ट्रायसेप्स, त्याला जाणाऱ्या नसेच्या फांद्या दबलेल्या जागेच्या वरच सुटतात म्हणून ते काम शाबूत राहतं. दंडाचं हाड मध्ये मोडलं तरी हीच नस सापडते, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप परत येते. तोवर मनगटाला पट्टी लावून ते वर धरायचं आणि बोटं हलवत ठेवायची. पण मंडळी, हात अचानक लुळा पडला तर दबलेली नस आहे हे घरी ठरवू नका. यांनी केलं तेच बरोबर, आधी दवाखाना.

रात्रपाळी
हो, कोपर सरळ होत होतं! तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं का ते. आज कळलं.

पिठलंभाकरी
माझं दुखणं बाहेरच्या उंचवट्याला. टेनिस एल्बो सांगितलंय. आयुष्यात रॅकेट धरली नाही. कपडे पिळताना, दुधाचं पातेलं उचलताना कळ येते, कधी चहाचा कपसुद्धा हातातून सुटतो. इंजेक्शन घेऊ का? बहिणीला एका इंजेक्शनमध्ये बरं वाटलं होतं.

इकडचा_तिकडचा
टेनिस एल्बो म्हटलं की २००४ आठवतं. सचिनचं कोपर हा देशाचा प्रश्न झाला होता, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी हुकल्या आणि २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. आमच्या गल्लीत तेव्हा प्रत्येक पोराचं कोपर दुखत होतं :)

सातारी_ऑर्थो
पिठलंभाकरी ताई, मनगट मागे उचलणारे स्नायू त्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असतात. पिळताना, पातेलं पालथ्या हाताने उचलताना ताण तिथेच येतो, आणि चाळिशीच्या आसपास ती मुळी झिजते. बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बरं होतं. स्टेरॉइड इंजेक्शनने महिना-दीड महिना छान वाटतं, पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेले जास्त बरे असतात. मी क्वचितच देतो. पातेलं दोन्ही हातांनी, तळवे वर ठेवून उचला. कपडे पिळायचे ते नळाला अडकवून पिळा. आणि व्यायाम मृ सांगेल.

फिजिओ_मृ
हात टेबलावर पालथा, मनगट कडेच्या बाहेर, हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश, चार-पाच आकडे मोजत खाली सोडायचं. दहा-पंधरा वेळा, रोज. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा. सहा ते बारा आठवडे चिकाटी हवी.

अबोली७
धागा वाचनखूण करून ठेवला आहे. डॉक्टर, रक्त काढल्यावर कोपर दुमडून धरायचं ना?

नर्स_विदर्भाची
नाही गं, सगळे दुमडतात. हात सरळ ठेवायचा आणि कापूस बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा. दुमडल्याने काळंनिळं जास्त होतं. आणि एक, घरात कोणाचं डायलिसिस असेल तर फिश्चुला (त्यासाठी हातात शीर आणि रोहिणी जोडतात ती जागा) केलेल्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही, बीपीही घेऊ द्यायचं नाही. माझ्या वडिलांच्या कोपराजवळ होता, वर हात ठेवला की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. रोज सकाळी मी ती बघायचे.

मनूची_आई
तीन आठवड्यांनी परत आले. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. विदर्भातल्या ताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच गावी फोन करून येणार नाही म्हणून सांगितलं. आता त्यांनी स्वतःची युक्ती काढली आहे. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मनूचा हात पूर्ण लांबवल्यावरच पोचेल अशा फळीवर ठेवतात, आणि रोज एक बोटभर वर सरकवतात. कोपर जिभेने चाटता येतं का याचीही घरात स्पर्धा चालू आहे, कोपराला गूळ लावणे म्हणजे काय ते त्याला आजीने प्रात्यक्षिकासह शिकवलं, खरा गूळ लावून. वाकवण्याचं अंतर चारवरून एका बोटावर आलंय. सरळ करताना थोडं कमी पडतं.

एक विचारायचं होतं. दोन्ही हात समोर धरले की उजवा जरा वेगळा वाटतो का, असा मला भास होतो.

सातारी_ऑर्थो
आजींना माझा कोपरापासून नमस्कार! यापेक्षा चांगला व्यायाम मी लिहून दिला नसता.

भास आहे की नाही ते असं बघा. शर्ट काढून, दोन्ही हात शरीराजवळ सरळ, तळवे पुढे. कोपरापासून पुढचा हात थोडा बाहेर झुकलेला असतो, कळशी नेताना ती मांडीला लागू नये इतपत, बायकांमध्ये जरा जास्त. दोन्हीकडचा झुकाव सारखा हवा. मोडलेल्या बाजूला तो नाहीसा झाला किंवा आत वळला तर तो बाक राहतो, कारण दंडाच्या हाडाची उंचीतली वाढ ८० टक्के खांद्याकडून होते, कोपराकडून फक्त २० टक्के. म्हणून इथलं वाकडेपण वाढीबरोबर भरून निघत नाही. काम सहसा अडत नाही, पण दिसतं, आणि हवं तर नंतर ऑपरेशनने सुधारता येतं. मात्र हात पूर्ण सरळ झाल्याशिवाय हा कोन नीट मोजताच येत नाही, तेव्हा आत्ता त्यावर झोप उडवू नका. महिन्याभराने तुमच्या डॉक्टरांना मोजायला सांगा.

मनूची_आई
१२ तारखेची वेळ घेतली आहे. डबा आज कपाटाच्या वर गेला.